मला ऐकू नाही आलं

बाई, आज शुक्रवार आहे आणि बाहेर धूळ उतरली आहे. रियाधमध्ये अशी धूळ आली की ऊन हळदीच्या पाण्यासारखं होतं, समोरच्या इमारती असून नसल्यासारख्या दिसतात आणि दुपार पुढे सरकतच नाही. जेवणं आटोपून घरचे सगळे झोपलेत. मीही आडवी झाले होते. डोळा लागला आणि तुमचं स्वयंपाकघर आलं, पण त्याचं मागचं दार माझ्या इथल्या शाळेच्या कॉरिडॉरमध्ये उघडत होतं. तुम्ही पाठमोऱ्या उभ्या होतात, आमटीला फोडणी देत. मी काहीतरी मागत होते आणि आवाज फुटत नव्हता. उठले आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, मी भाबडी नाही. तरी तुमच्याशीच बोलायचं आहे, कारण परवा रविवारी मला तुमच्याविरुद्ध बोलायचं आहे.

चौथीची स्कॉलरशिप होती. आमच्या मोहल्ल्यातली मुलगी त्या परीक्षेला बसवायची, हे तुमच्याच डोक्यात आलं. शाळा सुटली की तुम्ही मला घरी नेता, थेट स्वयंपाकघरात पाटावर बसवता. माजघरातून सासूबाईंचा आवाज येतो, "मुसलमानाची पोर चुलीपाशी बसवलीस?" तुम्ही चेहऱ्यावरची रेघ हलू न देता म्हणता, "चूल गॅसची आहे आई, तिला काही कळत नाही." मग ताट वाढता आणि तुमचा नियम सुरू होतो. घरच्या बोलीत काही मागितलं की तुम्ही वळतच नाही. "मला ऐकू नाही आलं." परत मागायचं, पुस्तकातल्या मराठीत, पूर्ण वाक्यात. "बाई, मला आणखी थोडा भात हवा आहे." तेव्हा कुठे भाताचा डाव वळायचा. तुम्ही कधी मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. त्या पूर्ण वाक्यांच्या जोरावर मी कॉलेजात गेले, इतिहास घेऊन एम.ए. झाले आणि लग्न करून इथवर आले.

इथे अमेरिकन अभ्यासक्रमाच्या एका शाळेत, मुलींच्या विभागात, मी इतिहास शिकवते. जेवणाच्या सुट्टीत लहान मुलींवर लक्ष ठेवायचं कामही माझ्याकडे आहे. तिथे इंग्रजीच बोलायचं. अरबी, उर्दू, मल्याळम, कशातही कुणी काही मागितलं की मी म्हणते, "आय कान्ट हिअर यू." मुली मला घाबरतात आणि भराभर इंग्रजी बोलायला लागतात. आमची प्रिन्सिपॉल अमेरिकन आहे, माझ्या मुलीच्या वयाची, मनाने चांगली. तिला हे फार आवडलं. 'तुमची पद्धत' म्हणते ती. रविवारच्या मीटिंगमध्ये ही पद्धत मी सगळ्या शिक्षिकांना समजावून सांगायची आणि मग शाळाभर लागू करायची, असं ठरलं आहे. मीही आनंदाने हो म्हटलं होतं.

त्यानंतर दुसरीत एक नवी मुलगी आली. तिच्या आजोबांचं इथल्या बत्ह्याच्या बाजारात कापडाचं दुकान आहे, मूळ घर आपल्याच किनाऱ्यावरचं. पहिल्याच दिवशी ती डबा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मिस, ह्यो उघडत नाय." बाई, इतक्या वर्षांनी या शहरात ती बोली कानावर पडली, आणि मी काय म्हटलं असेल? आय कान्ट हिअर यू. तिने माझ्याकडे बघितलं, डबा तसाच दप्तरात ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली. रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने डबा बाहेरच काढला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी बघत होते. मला वाटत होतं, आज मागेल, पूर्ण वाक्यात मागेल.

त्याच आठवड्यात नववीला अमेरिकेतल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळांचा धडा होता. सरकारने मुलांना आईबापांपासून तोडून दूर नेलं, वेण्या कापल्या, नावं बदलली, आपल्या भाषेत बोललं तर तोंडात साबण कोंबला. आधीच्या धड्यात, गोऱ्या मुलांनी वापरून टाकलेली फाटकी पुस्तकं कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना मिळायची हे वाचून वर्ग चिडला होता. या वेळी सुदानच्या एका मुलीने विचारलं, "मिस, त्या शिक्षिका मुलांचा द्वेष करायच्या का?" मी म्हटलं, "सगळ्या नाही. पुष्कळजणींना मनापासून वाटायचं की आपण मुलांचं भलं करतोय." मागच्या बाकावरून एक हैदराबादी पोरगी पुटपुटली, "फिर तो और बुरा हुआ ना, मिस." आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आय कान्ट हिअर यू." आधी एक हसली, मग अख्खा वर्ग.

मी दिवसभर स्वतःशी भांडले. तुम्ही माझी वेणी कापली नाहीत, सुटलेली नीट घालून दिलीत. संध्याकाळी मी माझ्या घरी जायचे, माझ्या आईकडे. तुम्ही म्हणजे ते सरकार नव्हे, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. पण त्या पोरीचा डबा बंद होता तो होताच.

काल मी तिच्या शेजारी जाऊन बसले. बाक बुटका, माझे गुडघे कुरकुरले. "दी हिकडं," मी म्हटलं. अम्मी गेल्यापासून ही बोली तोंडात आली नव्हती, ती कुठून आली कोण जाणे. मुलगी डोळे मोठे करून बघत राहिली. "मिस, तुमाला येतंय आमचं?" "मग! जेव गप." झाकण मलाही निघेना. दोघींनी दोन बाजूंनी ओढलं तेव्हा उघडलं आणि सांदणं बाकभर उडाली. ती खळखळून हसली. बाकावरचं एक उचललं, फुंकलं आणि मला दिलं. गूळ, नारळाचं दूध. एवढ्या पांढऱ्या दिव्यांखाली, एसीच्या गारठ्यात, मला समुद्राचा वारा लागला म्हटलं तर तुम्ही हसाल.

तर परवा मी सांगणार आहे की ही पद्धत बंद करा. प्रिन्सिपॉल विचारेल, तुम्ही ही शिकलात कुठे? मी म्हणेन, माझीच आहे. तुमचं नाव मीटिंगच्या टेबलावर येऊ देणार नाही. सासूबाईंना तुम्ही दिलेलं उत्तर तिथल्या कुणालाच माहीत नाही, आणि ते माहीत नसताना कुणी तुम्हाला तोलू नये.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमच्याकडे मी भात मागितला, मीठ मागितलं, एकदा तर लोणचंही मागितलं. ती वाक्यं मी शाळेतून तुमच्यामागे चालत येताना वाटेत तयार करायचे. ताटाजवळ तुम्ही पाण्याचं भांडं भरून ठेवायचात, ते लगेच संपायचं. दुसरं भांडं मात्र मी कधी मागितलं नाही. तहान अचानक लागते, वाक्य तयार नसायचं. घरी पोचले की उभ्या उभ्या तांब्या तोंडाला लावायचे. अम्मी विचारायची, "बाई पानी नाय देत काय गो?" मी म्हणायचे, "देतात ना."