आधीच वाळत घातलेली नावं

बाबा, काल भाचीने एका काव्यस्पर्धेचं पत्रक माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, पाठवू का गं मावशी? मी चष्मा लावून ते तुमच्यासारखं खालून वर वाचलं. परीक्षकांची नावं नाहीत, निकाल कुठे लागणार ते नाही, 'संयोजकांचा निर्णय अंतिम' एवढं मात्र ठसठशीत. मला ही मंडळी काही बरी वाटली नाहीत. 'नको पाठवू' अगदी ओठांवर आलं, पण मी 'उद्या सांगते' म्हणाले, कारण तेच दोन शब्द तुम्ही मला ऐकवले होते आणि मी ते वर्षानुवर्षं मनात धरून ठेवले होते.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. गिरण्यांच्या संपानंतर निम्मी चाळ घरी बसलेली, आणि तुम्ही घाटकोपरच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता म्हणून आपली चूल पेटत होती. मुलुंडच्या एका मंडळाने कवितांची स्पर्धा ठेवली. नळावरच्या बायकांवर लिहिलेली माझी कविता मी तुम्हाला दाखवली. तुम्ही ती दोनदा वाचलीत, पत्रक उलटंपालटं केलंत आणि म्हणालात, "नको पाठवू." का, तर नको म्हटलं ना. आई चुलीपाशी होती. "तेंका कायतरी म्हायत असतला गो," ती म्हणाली. मला मात्र वेगळाच संशय आला. कविता भिकार आहे आणि पोरीला तोंडावर सांगवत नाही, असं मी धरून चालले.

मुदत संपायला चार दिवस असताना मी तुमचा डबा घेऊन छापखान्यात येते. एरवी तुम्ही मला आत बोलावता, खिळ्यांच्या खणांपाशी उभी करता. त्या दिवशी दारातच डबा घेता आणि दार अडवून उभे राहता. तुमच्या खांद्यामागे दोरीवर वेलबुट्टीची प्रमाणपत्रं वाळत घातलेली दिसतात, नावं काही वाचता येत नाहीत. माझी लाज वाटते की काय यांना, असं मनात येतं. छापायला आलेलं बाहेर बोलायचं नाही हा तुमचा नेम मला ठाऊक होता. शाळांच्या प्रश्नपत्रिका छापायचात तेव्हा शेजारणी कितीही गोड बोलल्या तरी तुम्ही हूं की चूं करत नसायचात. पण तो नेम माझ्याही बाबतीत असेल हे डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कविता टपालात टाकली.

बक्षीस समारंभाला मैत्रिणीकडे जाते सांगून गेले. माझं नाव आलं नाही, ते ठीक. पण पहिल्या नंबरवाल्याने प्रमाणपत्र उंच धरलं, आणि त्यावर तीच वेलबुट्टी, नावसुद्धा छापलेलं. मी पाकिटाला तिकीट लावत होते तेव्हा ही नावं वाळूनही गेली होती.

त्याच आठवड्यात तुम्ही माझ्यापुढे एक कागद ठेवलात. माझ्या वहीतून उतरवून घेतलेली माझी कविता, त्याच वेलबुट्टीत छापलेली, खाली माझं नाव. "ही ठेव तुझ्याकडे," एवढंच म्हणालात. मी इतकी भडकले होते बाबा. लबाडांची नावं यांनीच जुळवली, आणि आता मला 'नको' म्हटल्याबद्दल माझी समजूत काढतायत, असं वाटलं. कागद न वाचता ट्रंकेच्या तळाशी टाकला. त्यानंतर तुम्हाला एकही कविता दाखवली नाही, आणि तुम्हीही कधी मागितली नाही.

तुम्ही गेल्यावर वर्षभराने तो कागद वाचला. बावीस ओळी. एकेक खिळा चिमटीत धरून, जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून जुळवलेल्या असणार. कविता भिकार वाटली असती तर तुम्ही एवढं केलं नसतं, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

आज भाचीला 'नको' म्हणाले, पण कारणासकट, आणि तुमचा कागद तिच्या हातात दिला. तुला कसं कळलं, तिने विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. तुम्हालाच सांगायचं राहिलं. मी कविता पाठवली होती, बाबा. आणि समारंभाहून येताना बसमध्ये रडले ते बक्षीस हुकलं म्हणून नाही. तुमच्या हातांनी छापलेलं पहिल्या बक्षिसाचं नाव दुसऱ्या कुणाचं तरी होतं, म्हणून.