भेटायचं नाही

प्रिय उंटा,

हे पत्र बाईंच्या हातून मिळालं म्हणून दचकू नकोस. आपल्या प्रोबेशनच्या अधिकारी बाईंनी ते आधी वाचलंय. त्यामुळे नेहमीच्या शिव्या लिहिता येत नाहीत, त्या तूच मनात घालून वाच.

दुकान चाललंय. वेताच्या खुर्च्या अजून येतात, पण एकट्यानं विणायचं म्हणजे नुसता वैताग. पूर्वी मी वरून पट्टी आत घालायचो आणि तू खाली उताणा पडून ती खेचायचास, परत वर द्यायचास. शिवाय खालूनच गाणी म्हणायचास, तीही बेसूर. ती म्हातारी गिऱ्हाईक विचारायची, खुर्चीत रेडिओ बसवलाय का रे? आता दर पट्टीला खुर्ची उलटी करतो, सुलटी करतो. वहिनी माझ्यासाठी वेगळी भाजी द्यायची, ती तू रस्त्यातच निम्मी संपवायचास आणि वर म्हणायचास, आज जरा कमीच दिलीय बघ. मला सगळं कळायचं रे.

मग ती मारामारी. गोदामाच्या मुकादमानं तुझ्या कानाखाली वाजवली आणि आपण दोघांनी मिळून त्याचा हात मोडला. पहिला गुन्हा म्हणून कोर्टानं हमीपत्रावर सोडलं: दोन वर्षं नीट वागायचं, दर महिन्याला हजेरी द्यायची आणि एकमेकांना भेटायचं नाही. तुला वाटलं, सुटलो. मलाही तसंच वाटलं होतं. पण शिक्षा माफ झालेली नाही, नुसती थांबवून ठेवलीय. अट मोडली तर कोर्ट पुन्हा बोलावून मूळ गुन्ह्यासाठी आत टाकू शकतं. भेट भांडायला होती की चहाला, हे कोण विचारतंय?

रविवारी तू शटर बडवलंस तेव्हा मी आतच होतो. बुटक्या, उघड, मुलगी झाली रे मला, असं ओरडलास. मी कडीला हात लावला आणि तसाच उभा राहिलो. तू वाट बघितलीस, मग एक शिवी हासडून गेलास. सोमवारी मीच बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, भेट झाली नाही ना? मग एकदा लिहा त्याला, मी पोचवते. पुन्हा आला तर मात्र मला कोर्टाला कळवावं लागेल. म्हणून लिहितोय. खुशाल रागाव, पण येऊ नकोस. तुला आत नेलं तर ती पोर बाप म्हणून कुणाचं बोट धरेल? मुदत संपेपर्यंत ती चालायला लागलेली असेल. तेव्हा मीच येईन तुझ्याकडे. दार तिला उघडू दे.

तुझाच,
बुटका