छपरावर थांबलेला ड्रोन

४ मार्च
आलो एकदाचे! घर लहान, पण भरपूर उजेडाचं. बायकोला नववा लागलाय, तरी तिचा पहिला सवाल रेंजचा. म्हटलं, बाईसाहेब, रेंज सांभाळायलाच तर तुमच्या नवऱ्याला इथं नेमलंय. चहूकडे डोंगर, टॉवर कुचकामी. म्हणून गावावर ड्रोन तरंगत असतात, तेच इथले टॉवर. पुढे कुठे जास्त फोन होणार याचा अंदाज बांधून ते आधीच तिथे जाऊन थांबतात. मी टेकडीवरच्या वर्कशॉपात बसून बॅटऱ्या बदलायच्या, पडद्यावर लक्ष ठेवायचं. शेजारच्या काकूंनी आल्या आल्या बजावलं, हिला काही वाटलं तर लगेच फोन करीन. निम्मी काळजी मिटली.

९ मार्च
एक ड्रोन दिवसभर शिंप्याच्या छपरावर. त्या गल्लीत एरवी चिटपाखरू नसतं. पँट शिवायला टाकली असेल, म्हणून मी हसलो.

१० मार्च
शिंपी सकाळी मशीनवरच कोसळला, गेला. गल्लीभर फोन चालू होते. रेंज उत्तम होती.

१५ मार्च
काल शाळेतल्या बाईंच्या घरावर. आज त्यांचा नवरा जिन्यावरून पडून गेला. साहेबांना सांगितलं. म्हणाले, त्याला मरण कळत नाही, फोन कळतात. घरात पाळणा हलणार असला तरी जातो. कावळा बसायला अन् फांदी मोडायला. पण आधी कसं कळतं, ते त्यांनाही सांगता येईना. 

२१ मार्च
आज आमच्या छपरावर. बायकोनं खिडकीतून त्याला हात केला. मी खिडकी लावून घेतली. तिला काही सांगितलं नाही.

२२ मार्च
हलत नाही. साहेब बाहेरगावी. मीच उतरवला.

लगेच दुसरा निघाला — तिथेच जाऊन थांबला. तोही उतरवला. मग तिसरा —

सगळे उतरवले. बॅटऱ्या काढून टाकल्या. आता ये म्हणावं मरणाला. गावात एक फोन वाजत नाही. घरावरचं आभाळ मोकळं. किती बरं वाटतंय —

चढावरून कुणीतरी धावत येतंय. काकू. अनवाणी. हात रक्तानं — फोन उंच धरलाय, रेंज शोधत —