आजोबांच्या पाटीमागचं दार

१० नोव्हेंबर १९७४, रविवार
चर्चमध्ये रत्नाच्या लग्नाची पहिली सूचना वाचली. माझी रत्ना, आणि प्रकाश, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूम फिटर. ‘कोणाची हरकत असल्यास सांगावी.’ हरकत आली नाही, माना मात्र भराभर वळल्या. असे तीन रविवार काढायचे, मग पाच डिसेंबरला लग्न. पुढच्या बाकावर दादा. माझा थोरला भाऊ आणि पंचकमिटीचा अध्यक्ष; अध्यक्ष असल्याचं तो घरी जेवतानाही विसरत नाही. गायन सुरू झालं तेव्हा ओठ घट्ट मिटून उभा होता.
प्रकाशची आजी आजही आत आली नाही. उपासना संपेपर्यंत आवारातल्या कडुलिंबाखाली बसून. गुडघे दुखत असतील.

१२ नोव्हें.
प्रकाशला घेऊन दादाकडे चहाला. वहिनीने सगळ्यांना बशीसकट नवे कप दिले, प्रकाशला कान तुटलेला. निघताना मोरीत नजर गेली, तो एक कप बाजूला पालथा घातलेला. शिसारी आली. हीच बाई रोज सकाळी पवित्र शास्त्र वाचते, चार घरं ऐकतील अशा आवाजात.
दादा म्हणाला, “आपण मूळचे वीरशैव. आजोबांनी शुक्रवार पेठेतलं दुकान सोडलं, भाऊबंद सोडले. त्यांची पणती गावकुसाबाहेर देणार?”
मी म्हटलं, “आजोबा ख्रिस्ती झाले होते ना?”
“झाले की. म्हणून घराणं बुडालं काय?”
हे सगळं प्रकाशच्या तोंडावर. रस्त्यात तो एवढंच म्हणाला, “चहा चांगला होता की.” रत्ना रडायला लागली. मी दोघांवरही ओरडले. ओरडायचं होतं दुसरीकडे.

१४ नोव्हें.
नाताळसाठी चर्चला रंग. गवंडी बाहेरून उत्तरेची भिंत खरवडत होता. फुगलेला गिलावा धबाधबा पडला आणि आत दाराची चौकट! विटांनी बुजवलेली. खाली दगडी उंबरा, मधोमध झिजलेला. बाजारातून येताना पाहिलं नि तिथेच थांबले.
आत जाऊन अंदाज घेतला. त्या जागी आतून आजोबांची संगमरवरी पाटी. ‘सर्व सोडून प्रभूमागे आला.’ मी त्या पाटीखाली बसून लहानाची मोठी झाले. मागे दार आहे हे कधी कोणी बोललं नाही.
दादाला बोलावलं. तो पाहायलासुद्धा वाकला नाही. गवंड्याला म्हणाला, “आधी हे लिंपून घे.” गवंडी म्हणाला चुना संपलाय, पाव्हण्याचं लगीन हाय, आठवड्यानं येतो. दादाच्या कपाळाला घाम. नोव्हेंबरात!
पाळकसाहेबांना विचारलं. “बाई, सणासुदीचे दिवस आहेत, जुनं कशाला…” वाक्य पुरं करण्याची त्यांना सवय नाही.

१७ नोव्हें., रवि.
दुसरी सूचना झाली. सुटल्यावर दादाने आवारात गाठलं. “पुढच्या रविवारी मी उठणार. मुलाची आजी या चर्चचा उंबरा ओलांडत नाही. ती कसली ख्रिस्ती? मंडळीला एवढी हरकत पुष्कळ झाली.”
रत्नाने ऐकलं. तिला लग्न चर्चमध्येच हवंय, माझ्या लग्नाचं लुगडं नेसून. दादा उठला की पाळकसाहेब कच खाणार, लग्न अडकणार. अडकलेलं लग्न आमच्या मंडळीत मोडलेलंच धरतात.
आजी लिंबाखालीच होती. तिचं तोंड उत्तरेच्या भिंतीकडे. गुडघे दुखणारं माणूस जमिनीवर बसेल कशाला?

१९ नोव्हें.
प्रकाशच्या खोलीवर गेले. तो कामावर. आजीला सरळच विचारलं, चर्चमध्ये का येत नाही. तिने पदराचं टोक पिळलं. मग सांगितलं. जसं आठवतंय तसं उतरवते.
“मोटा दुष्काळ. म्या बारकी पोर. तुज्या आज्यानं मिशनच्या गोऱ्या सायबाला अट घातल्याली की, ह्या लोकांस्नी निराळं दार असंल तरच बाप्तिस्मा घेतो. सायेब भुलला. मोटं दार तुमचं, बाजूचं आमचं. आमचा बाप्तिस्मा व्हायचा हुता अजून. आईच्या कडंला तान्हं, माजा भाऊ, तापानं फणफणल्यालं. आई मोट्या दारात गेली, म्हणली लेकरू जातंय, आदी पाणी लावा. तुजा आजा दारात हुबा. म्हणला, तुमचं दार तिकडं.”
“मग?”
“गेलो की वळसा घालून. त्या दाराला आतनं कडी. वाजवलं, लई वाजवलं. उगडंस्तवर लेकरू गेलं.”
बाप्तिस्मा नाही म्हणून कबरस्तानातही घेतलं नाही. आवारातच पुरलं. “तवा तितं लिंब न्हवता. मागनं आला.” साहेबाने दार बुजवलं, यांचं घर जेऊरला निघून गेलं.
तिने दिलेलं पाणी प्यायले आणि उठले. घरी येऊन हात धुतले, पुन्हा धुतले. त्या पाटीवर थुंकावंसं वाटतंय. प्रार्थनेत हे म्हणणार नाही, इथे लिहिते.

२१ नोव्हें.
प्रकाशला ठाऊक होतं. लहानपणापासून. “मग लग्न इथंच कशाला?” “आजीचाच हट्ट. नातसून मोठ्या दारानं आत जाताना बगायचीय म्हणते.” आणि ती स्वतः? “ती त्या बाजूच्या दारानंच जाणार म्हणते. उगडलं तर.”
तडक दादाकडे. त्यालाही ठाऊक होतं! वडिलांनी मरताना सांगितलं म्हणे. पाटी वडिलांनीच बसवली, नेमकी त्या जागी, म्हणजे आतून कोणी तो गिलावा उकरणार नाही.
“मला का नाही सांगितलं?”
“बायकांना काय करायचंय?”
मग आवाज मऊ करून तोडगा. लग्न पुण्याला करा, गुपचूप. मी उठत नाही, तू दाराचं बोलत नाहीस. आजोबांची अब्रूही राहील, पोरीचं लग्नही होईल. पुढ्यात लाडूची बशी सरकवली. इतकी किळस मला आजवर कशाची आली नव्हती. वाईट हे की येताना वाटभर मी पुण्याचा विचार करत होते. लग्न तरी होईल.

२३ नोव्हें., शनि.
रत्नाला पुण्याचं विचारलं. “आजी तिथं कुठं बसणार?” एवढंच बोलली आणि लुगड्याची घडी घालत राहिली. नंतर मी पुण्याचं नाव काढलं नाही.
संध्याकाळी चर्चवरून आले. गवंडी परतला. चौकट, उंबरा, सगळं चुन्याखाली. भिंत कशी स्वच्छ दिसतेय.

२४ नोव्हें., रवि.
आत्ताच घरी आले, घाईत लिहितेय.
तिसरी सूचना. ‘कोणाची हरकत…’ दादाने बाकाच्या पाठीवर हात ठेवला, उठायला. मी आधी उठले.
म्हटलं, “माझी हरकत आहे. लग्नाला नाही, या पाटीला.” आणि सगळं सांगितलं. दार, कडी, लेकरू. माझाच आवाज मला परका वाटत होता. दादा ओरडला, “खोटं आहे!” मी म्हटलं, “मग भिंत फोडून दाखव.” तो खाली बसला. वहिनी माझ्याकडे बघेना. मागच्या बाकावरचे दोन म्हातारे उठून बाहेर गेले, कोणाच्या बाजूने ते कळलं नाही.
पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. तिसरी सूचना झाली की नाही, विचारलं. “कमिटीला विचारून… बघू.” रत्ना पांढरीफटक. प्रकाशने सगळ्यांदेखत तिचा हात धरला.
बाहेर आले तर आजी लिंबाखाली नाही. उत्तरेच्या भिंतीपाशी उभी, नव्या गिलाव्यावर तळवा टेकवून. आतलं तिला ऐकू आलं असणार, खिडक्या उघड्या होत्या. लेकराबद्दल काही बोलली नाही. बोटाने गिलावा दाबून पाहिला, बोट आत गेलं.
“वलं हाय की अजून,” म्हणाली. “वाळायच्या आत काडावं लागंल.”
प्रकाश पहार आणायला गेलाय. दादा कमिटी जमवतोय. मी चपला घालते.