अर्जातला अर्धविराम

३ मार्च, सोमवार

तुझे संपूर्ण नाव आज वर्तमानपत्रात आले — तुझे, माझे आणि आडनाव — मृतांच्या यादीत सतरावे. दुसऱ्या वेलांटीच्या जागी पहिली छापली आहे. त्याचे नाव मात्र अचूक!

त्याला सोडले. टपाल कचेरीत बॉम्ब ठेवल्याबद्दल वीस वर्षांची शिक्षा होती. चौदाव्या वर्षीच सुटका. कारण — सद्वर्तन आणि आईचे आजारपण. आईचा विनंती-अर्ज चौकटीत संपूर्ण छापला आहे. त्यातले एक वाक्य:

‘मुलाचा अपराध मी पुसू शकत नाही; मुलाला मात्र टाकू शकत नाही.’

हे वाक्य माझे आहे.

४ मार्च, मंगळवार

शांतपणे नोंद करतो. निवृत्तीनंतर मी वाचनालय सांभाळतो, हे तुला ठाऊक नाही, तुझ्यानंतरची गोष्ट. दुपारी लोक अर्ज घेऊन येतात — नळजोडणी, बदली, तुरुंगातल्या मुलासाठी रजा. मी भाषा शुद्ध करून सुवाच्य अक्षरात उतरवून देतो. भाषा पाहतो, नाव-गाव पाहत नाही. गेल्या वर्षी एक वृद्धा आली. कोणीतरी पेन्सिलीने खरडून दिलेला कागद. मी दुरुस्त केला, तिने अंगठा उठवला, गेली.

नाव वाचले नाही. सवयच नाही.

६ मार्च, गुरुवार

सायंकाळी वाचनालयात सभा. तुझा धाकटा भाऊ सुटकेविरुद्धच्या कृती समितीचा अध्यक्ष आहे आणि वाचनालयाचा चिटणीसही; तेव्हा नाही कसे म्हणणार? खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक खिडक्यांत बसले होते. त्यांचा संताप रास्त आहे — हे मी भीतीपोटी लिहीत नाही. एका बाईने केवळ मुलाचा बूट आणला होता. तो टेबलावर ठेवला आणि बसली.

मग तुझा भाऊ उठला. “त्या म्हातारीला सही येत नाही, सही! अंगठेबहाद्दर! आणि असला मुद्देसूद अर्ज? हे कोणा शिकलेल्या हरामखोराचं काम आहे. मूळ अर्जाची प्रत मागवलीय. अक्षर दिसू द्या, मग बघतो त्याच्याकडे!”

टाळ्या. मीही वाजवल्या.

७ मार्च, शुक्रवार

झोप नाही. दाराची कडी तीनदा पाहिली.

८ मार्च, शनिवार

मोर्चाचे फलक लिहायला मलाच बसवले! “भावजी, तुमच्यासारखं अक्षर गावात कोणाचं?” कुंचला हाती घेतला आणि खाली ठेवला. उजव्या हाताला लचक भरली म्हणून सांगितले. डाव्या हाताने ‘न्याय द्या’ लिहिले — अक्षर असे, की पहिलीच्या मुलाला मी छड्या मारल्या असत्या. आयुष्यात प्रथमच जाणूनबुजून वाईट अक्षर काढले.

दवाखान्यातला कंपाउंडर माझा जुना विद्यार्थी. खिळे ठोकता ठोकता हसून म्हणाला, “सर, त्या अर्जात अर्धविराम आहे, पाहिलात? आपल्याकडे पूर्णविराम देतानाही लोक कंटाळतात. अर्धविराम कोण देतं हो?”

मी म्हणालो, छापखान्याची चूक असेल.

“असेल,” तो म्हणाला. “तुम्ही तर त्यासाठी माझा कान पिळला होता.”

हसला तो. पण कसा हसला? दिवसभर तेच हसू आठवतो आहे.

१० मार्च, सोमवार

अनर्थ झाला. न्यायालयाबाहेर छत्री लावून बसणारा अर्जलेखक — त्याच्यावर संशय घेतला. भर दुपारी ओढून काढले. टाइपरायटर फोडला, मनगट मोडले. तो ओरडत होता म्हणे, “अहो, मला कुठे येतं असलं मराठी! विचारा कोणालाही!”

माझ्यासाठी त्या मनुष्याने मार खाल्ला. आणि मी घरात, दाराला टेबल लावून!

११ मार्च, मंगळवार

सकाळी तुझ्या भावाकडे गेलो. उभ्यानेच सांगितले — अर्ज मी लिहिला. त्या गरीब माणसाचा काही संबंध नाही.

तो खुर्चीतून उठला. मला वाटले, आता हात उगारतो. मग म्हणाला, “चुकून ना? नाव न वाचता दिलात ना? सांगा ना हो, भावजी!”

मी होकारार्थी मान हलवली.

तो मटकन खाली बसला. रडता रडता हसलाही. “खोडच आहे तुमची. उगाच का वेलांटीसर म्हणतात! ताई म्हणायचीच — ह्यांच्या हातात कोणी ह्यांच्या फाशीचा हुकूम दिला, तरी हे आधी अनुस्वार तपासतील.” डोळे पुसले. “अर्जलेखकाचं मी बघतो, पाय धरीन त्याचे. ती प्रत आली की फाडून टाकतो. कोणाला कळायचं नाही. जा, झोपा आता.”

मी वाचलो! घरी येऊन दारामागचे टेबल जागेवर नेले. दोन घास जेवलो. आडवा झालो, तर छातीत तीच धडधड. आता ही कोणाची भीती?

१२ मार्च, बुधवार

गेल्या वर्षी ती म्हातारी तीन दिवस वाचनालयाच्या बाकावर बसून होती. मुलाचे नाव वाचून कोणी नीट उतरवून देईना. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आता तुम्हीच नाही म्हणा, म्हणजे मी जाते.” मला नाही म्हणता आले नाही. तिचा पेन्सिलीचा कागद मी तेव्हापासून खणात ठेवला आहे. त्यावर तिच्या मुलाच्या नावाला पहिली वेलांटी आहे. तिच्यावर लाल शाईची काट. शेजारी, माझ्या अक्षरात, दुसरी.

तो कागद आज तुझ्या भावासमोर ठेवला. त्याने वेलांटी पाहिली. मग माझ्याकडे पाहिले.

वाचनालयाला कुलूप लावले आहे. किल्ल्या त्याच्या हाती परत दिल्या.