दोन बोटं खाली

३ मार्च, सोमवार

साडेचार सेंटिमीटर! तीनदा मोजलं. माझ्या चाकाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून पन्नास, गाडीची पुढची सीट साडेचौपन्न. एवढ्याशा फरकापायी चार वर्षं ह्यांना दर वेळी मला पोत्यासारखं उचलून आत ठेवावं लागतंय.

पाठीच्या ऑपरेशननंतर पाय गेले. हात शाबूत आहेत. सपाटीवर मी फळीवरून सरकत पलंगावर जाते, सोफ्यावर जाते, कुणाला हाक मारत नाही. चढ आला की संपलं. म्हणजे गाडी साडेचार सेंटिमीटर खाली आली, की मी एकटी बसेन आणि एकटी उतरेन. मला हे हवंय. दवाखान्याच्या दारात दहा माणसं बघत असताना नवऱ्यानं उचलून घ्यावं, हे मला कधीच आवडलं नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "गाडी खाली करायची? आपली?" एवढं बोलून पेपरात डोकं घातलं. नाही म्हणाले नाहीत, म्हणजे हो!

४ मार्च, मंगळवार

मुलाचा फोन. "आई, असलं पोरंटोरं करतात! तू रॅम्पवाली व्हॅन घे ना." म्हटलं, व्हॅनमध्ये खुर्चीसकट सामानासारखी मागे बसू? मला पुढे बसायचंय, तुझ्या बाबांच्या शेजारी, रस्ता बघत आणि त्यांच्या चुका काढत.

शिवाय ही गाडी मला आवडते. काळी, लांबलचक, चामड्याच्या सीटांची. ह्यांनी निवृत्त होताना हौसेनं घेतली. दार लावलं की बाहेरचा सगळा गोंगाट बंद.

७ मार्च, शुक्रवार

गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिक चाळिशीचा, कानावर पेन्सिल. ह्यांना विचारतो, "काका, मुलाची गाडी का?" ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तिची हौस."

हौस! मी त्याला सगळं नीट समजावलं. ऐकून घेतलं त्यानं, पेन्सिल काढली, भिंतीवर ४५ मिमी लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग एक नवा कोरा कॉइलओव्हर माझ्या मांडीवर आणून ठेवला. शॉकअप आणि त्याच्याभोवतीच स्प्रिंग, अंगावर आटे, आट्यांवर रिंग. "रिंग अशी फिरवली की गाडी खाली, उलटी फिरवली की वर. आता मर्जी तुमची, काकू." जड होता. तरी बराच वेळ मांडीवरून खाली ठेवला नाही.

हे दारात उभे. म्हणाले, "खाली घासणार नाही ना?" तेवढंच.

१३ मार्च, गुरुवार

दिवसभर तिथेच बसून होते. चारही चाकं काढली, जुने शॉकअप निघाले, नवे बसले. गाडी लिफ्टवरून उतरली तेव्हा मला हसूच आलं – आमची एवढी प्रतिष्ठित गाडी, कंबर मोडून बसल्यासारखी! लाल गाडीवाला एक तरुण ओरडला, "काकू, लुक एकदम कडक!" ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

फळी लावली. सरकले. बसले!! कुणी हात लावला नाही. मेकॅनिकनं टाळ्या वाजवल्या. मी रडले, आणि रडले म्हणून स्वतःवर चिडले.

१३ मार्च, पुन्हा

घरी आल्यावर उतरता येईना.

१४ मार्च, शुक्रवार

चूक माझीच. तेहतीस वर्षं गणित शिकवलं आणि रिकाम्या सीटची उंची मोजली! मी बसल्यावर गादी दबते, गाडीही थोडी बसते. जाताना सपाटी, येताना चढ. आत शिरायच्या नादात बाहेर यायचं गणितच मांडलं नाही. कुणा विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर वहीवर लाल पेनानं काय काय लिहिलं असतं मी.

काल ह्यांनीच बाहेर काढलं. नेहमीसारखं एक हात पाठीमागे, एक गुडघ्यांखाली, "धर मला" म्हणत. मी मानेला धरलं आणि सगळा वेळ तोंड फिरवून घेतलं. आणि हे संध्याकाळी गुणगुणत होते! मला इतका राग आला की चहा नको म्हटलं.

१५ मार्च, शनिवार

मेकॅनिकला फोन केला. "काकू, चूक माझी पण आहे. आम्ही रोज चाकाच्या वरची फट मोजतो. बसलेलं माणूस कधी मोजलंच नाही." चांगला आहे. त्यानं तोड काढली – सीटमध्ये कडक फोम भरायचा म्हणजे दबणार नाही, आणि मला आत बसवूनच रिंगा नव्यानं लावायच्या.

२१ मार्च, शुक्रवार

फोम भरून झाला. सीट आता शाळेच्या बाकासारखी, पण तक्रार नाही. मला खुर्चीत बसवून मोजलं, गाडीत बसवून मोजलं. आकडा मी काढला, दोनदा पडताळला, कागदावर लिहून त्याच्या हातात दिला. रिंगा फिरवून अलाइनमेंट करायला अजून दोन तास लागणार होते, म्हणून हे मला रिक्षानं घरी सोडून पुन्हा गाडी आणायला गेले.

गाडी आली. फळी लावली – आणि चढ! माझी दोन बोटं मधे बसतात एवढा. सरकता येईना, अर्ध्यातून मागे आले.

फोनवर मेकॅनिक म्हणाला, "नवीन स्प्रिंगा आहेत काकू, बसतील आठवडाभरात." एरवी भडाभडा बोलतो, आज घाईत होता.

२५ मार्च, मंगळवार

मोजलं. जैसे थे.

२७ मार्च, गुरुवार

मोजलं. केसभर फरक नाही. हे म्हणतात, "राहू दे ना, मी आहे की." हेच तर नकोय! असं मी तोंडावर म्हणाले. मग वाईट वाटलं. मग वाटलं, का वाटावं?

ह्यांनी चष्मा पुसला. पुसलेलाच होता.

३१ मार्च, सोमवार

मेकॅनिकचा फोन. हे आंघोळीला गेले होते. "काकू, पोटात ठेवून राहवत नाही. तुमचा आकडा बरोबर होता. मी लावलाही होता. काका गाडी न्यायला आले तेव्हा म्हणाले, खाली घासते, दोन बोटं वर घे. आणि तुम्हाला सांगू नको म्हणाले."

ह्यांनी! बाहेरच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. दहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ टेप लावून मोजत होते आणि हे शेजारी उभे राहून टेपचं दुसरं टोक धरत होते!

हे बाहेर आले तसं विचारलं, "गाडी कुठे घासली?"

टॉवेलची घडी घालत राहिले. "कुठेच नाही."

"मग?"

"चुकलं माझं." का ते कितीदा विचारलं, तेवढंच पुन्हा. अडतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला फसवलं असं कधी झालं नव्हतं. मी धड पायावर उभी राहू शकत नाही, आणि जे स्वतःहून करू शकते तेही ह्यांना बघवत नाही? असं मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले.

मेकॅनिकला उलट फोन केला. गुरुवारी ये. माझ्या डोळ्यांदेखत खाली कर.

३ एप्रिल, गुरुवार

दोन बोटं खाली आली. फळी लावली. बसले. उतरले. पुन्हा बसले, पुन्हा उतरले! मेकॅनिक हात पुसत निघून गेला. हे दाराशी तसेच उभे, दोन्ही हात अजून अर्धवट पुढे. ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"चार वर्षांत उचलताना तेवढीच जवळ यायचीस," असं म्हणाले. माझ्याकडे नाही, गाडीकडे बघून.

मी फळी बाजूला ठेवली आणि म्हटलं, "उचला."

"जमतं की आता तुला."

"म्हणूनच म्हणतेय. उचला."