मळ्यात रेंज येत नाही

गंगापूर रोड, नाशिक
५ ऑक्टोबर २००६

प्रिय तृप्ती,

"आई, तू कुठे होतीस?" हे वाक्य तू मला पहिल्यांदा ऐकवलंस तेव्हा सहा वर्षांची होतीस. कालिकेच्या यात्रेत माझा हात सोडून तू पाळण्यांच्या गर्दीत शिरलीस आणि आम्ही दोघं वेड्यासारखे तुला शोधत फिरलो. शेवटी एका भिरभिरंवाल्याच्या खोक्यावर तू ऐटीत बसलेली सापडलीस. मी रडत तुला उचलायला गेले, तर तूच गाल फुगवून मला हे विचारलंस. तुझे बाबा घरी येईपर्यंत हसत होते. हरवली ही, आणि जाब आपल्याला विचारते, म्हणाले.

फोन असताना आई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर मला नीट बोलता येत नाही, बाळा. चार्जरची वायर आखूड आहे. स्वयंपाकघरातल्या बटणांच्या बोर्डाखाली मी खिळा ठोकून एक कापडी पिशवी टांगली आहे, फोन त्या पिशवीतच असतो. तुझा फोन आला की वायर न काढता, भिंतीकडे तोंड करून मी उभी राहते. समोर पोपडे आलेला रंग दिसतो आणि कानात तू. त्यात दुपारी भारनियमन असतं, मग चार्जिंगही होत नाही. तुला वाटतं आई तुटक बोलते, हो-नाही करते. भिंतीशी कोण मोकळं बोलेल गं?

पहिल्या पगारातून तू फोन आणलास तेव्हा मी त्याला हळद-कुंकू लावलं होतं. तू म्हणालीस, आता तू कुठेही जा, मला कळत राहील. लँडलाइन बंद करायला लावलीस. आपला नियम ठरला: घरातून निघताना एक मिस्ड कॉल, परत आल्यावर दुसरा. मधल्या वेळात तू फोन करणार आणि मी उचलणार. सुरुवातीला मला त्याचं अप्रूप होतं. भाजीवालीसमोर पिशवीतून फोन वाजला की मी जरा ताठ व्हायचे. पण तुझा प्रत्येक फोन एकाच प्रश्नानं सुरू होतो, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. कशी आहेस, जेवलीस का, हे सगळं नंतर. आधी, "कुठे आहेस?"

आणि मग बॅटरी उतरायला लागली. सकाळी भरून ठेवावी, दुपारपर्यंत संपलेली. तू कुरियरनं दुसरी पाठवलीस, तीही तशीच. बंगलोरच्या दुकानदाराशी भांडलीस. मी कागदाची घडी घालून बॅटरी घट्ट बसवून पाहिली, वर रबरबँडही लावलं. तू म्हणालीस, आई, तुझ्या हातात वस्तू टिकत नाहीत.

दसऱ्याच्या आधी जे झालं, ते तुला शेजारच्या निकुंभ काकांनी त्यांच्या परीनं सांगितलंच आहे. आता माझ्याकडून ऐक. मी निघताना नेहमीसारखा मिस्ड कॉल दिला. पुढे शेअर रिक्षात आम्ही इतक्या बायका कोंबलेल्या होतो की पिशवी दाबली गेली आणि फोननं आपला आपणच तुला दुसरा मिस्ड कॉल दिला. तू धरून चाललीस की मी घरी पोचले. मग तू फोन करत राहिलीस आणि तोपर्यंत बॅटरी संपली होती. आपल्या दाराला लॅच, बाहेरून माणूस आत आहे की नाही ते कळत नाही. तू काकांना सांगितलंस, आई आत आहे आणि उचलत नाही. संध्याकाळी मी जिना चढून आले तर दाराची चौकट फुटलेली, लॅचचे तुकडे जमिनीवर, आणि माझ्या हॉलमध्ये अर्धी सोसायटी. कोणीतरी चहासुद्धा टाकला होता, माझ्याच पातेल्यात. काका माझ्याकडे पाहून म्हणाले, "अहो सुवर्णाताई, तुम्ही तर चांगल्या आहात." त्यांच्या आवाजात किंचित निराशा होती, असं मला वाटलं. रडायचं सोडून मला हसू यायला लागलं, तर ते लोकांना आणखीच विचित्र वाटलं.

त्याच दिवशी तू ठरवलंस. दिवाळीला येणार, मला घेऊन जाणार, फ्लॅट भाड्यानं देणार. परतीची दोन तिकिटंही काढलीस.

मी कुठे होते, ते तू त्या दिवशी विचारलंस आणि मी मंडईत म्हणाले. मंडईत नव्हते. आपल्याकडे पूर्वी देवासाठी फुलांची पुडी घेऊन भागीबाई यायची, आठवते? बाबा गेल्यावर मी फुलं बंद केली, पण ती येता-जाता बेल वाजवून डोकावायची. एकदा म्हणाली, "ताई, चार भिंतींत बसून काय व्हतंय, चला मळ्यात. शेवंती लय भरली." मखमलाबादच्या पुढे तिचा फुलांचा तुकडा आहे. मी गेले. झेंडू, शेवंती, मध्ये एक विहीर आणि कडेला पत्र्याची शेड, तिथे बायका हार ओवत बसतात. मीही सुई घेतली. आता आठवड्यातून दोन-तीनदा जाते. माझे हार सैल होतात म्हणून त्या मला हसतात. पाकळी दुखवायची नाही पण दोरा ढिला सोडायचा नाही, हे अजून पुरतं जमलेलं नाही. दार फुटल्याचं ऐकून भागीबाई म्हणाली, "ह्यो फोन हाय का तान्हं पोर? घटकाभर घेतलं नाय तर सारा गाव गोळा करतंय." सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. मग दिवसभर ते शब्द मनातून जाईनात.

परवा फोन घेऊन एम. जी. रोडवरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं दोन्ही बॅटऱ्या तपासल्या आणि विचारलं, "ताई, तुम्ही रेंज नसलेल्या ठिकाणी जाता का? तिथं फोन सारखा रेंज शोधत बसतो. त्यातच बॅटरी जाते. फोन चांगलाय तुमचा." मळ्यात रेंज येत नाही, तृप्ती. विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर एक काडी येते आणि जाते. म्हणजे मी सुईत दोरा ओवत असते, आणि पिशवीत तो बिचारा सारखं विचारत असतो, कुठे आहेस, कुठे आहेस, आणि विचारून विचारून संपतो. दुकानातल्या स्टुलावर बसून मला एकदम तुझी आठवण आली. तू किती थकत असशील.

बाबा गेले त्या दुपारी तू पुण्याच्या होस्टेलवरून घरी फोन लावत होतीस आणि तो वाजत राहिला. मी सोमेश्वरला मैत्रिणीबरोबर गेले होते. आम्ही धबधब्यापाशी भुट्टे खाल्ले. घरी आले तेव्हा ते खुर्चीतच होते. संध्याकाळी तुझा फोन लागला आणि तू म्हणालीस, "आई, तू कुठे होतीस?" पुन्हा तेच वाक्य. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मी शेजारच्या खोलीत असते तरी काही करता आलं नसतं. तूही ते ऐकलंस. पण त्यानंतर आपण दोघी त्याविषयी कधी बोललो नाही. तू फक्त विचारत राहिलीस आणि मी उत्तर देत राहिले. मी बाहेर होते, तृप्ती, आणि बाहेर असणं हा माझा गुन्हा नव्हता. इतकं एक वाक्य भिंतीकडे तोंड करून मला म्हणता आलं नाही, म्हणून हे पत्र.

मला बंगलोरला यायचं नाही. तुझ्या प्रेमाला मी नाही म्हणत नाही. पण तिथे तू ऑफिसला गेलीस की मी पुन्हा एका भिंतीशी उभी असेन, फक्त रंग वेगळा असेल. तिकिटं तुझ्याकडे आहेत आणि भाडेकरूही तू पाहून ठेवला आहेस. तुझ्यापुढे माझं चालत नाही, हेही मला माहीत आहे. तेव्हा सामान बांधायला घेण्याआधी माझं एवढंच कर. एका दुपारी माझ्याबरोबर मळ्यात चल. तुझा फोन माझ्या फोनशेजारी त्या भिंतीवरच्या पिशवीत ठेवून चल. तू म्हणशील, आई, ऑफिसचा फोन येईल, असं कसं जमेल. नाहीच म्हणशील. तरी चल.

तुझीच,
आई